आपोआप लागणारे दिवे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी नंदुरबारचा. वायरिंगची कामं घेतो. आयटीआयचा दाखला हातात घेऊन मी कामाला लागलो त्याच सुमारास, १ जुलै १९९८ला, धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, नव्या इमारती आणि आम्हा वायरमन मंडळींच्या हाताला काम. पाठोपाठ भारनियमनाची वर्षं आली. लाइट कधी जाणार याच्या वेळा आम्हाला रेल्वेच्या वेळापत्रकासारख्या पाठ असायच्या. त्यामुळे वीज वाचवावी, हे आमच्या पिढीला कुणी शिकवावं लागलं नाही. रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की आजही माझा हात आपोआप बटणाकडे जातो.

म्हणूनच छतावर बसणारे ते सेन्सर बाजारात आले तेव्हा मला फार आनंद झाला. तुम्ही दवाखान्यात, बँकेत, एखाद्या नव्या इमारतीच्या जिन्यात पाहिले असतील. छताला चिकटलेली पांढरी, वाटीएवढी डबी. खालून माणूस गेला की दिवा लागतो, माणूस गेला की थोड्या वेळाने विझतो. बटण दाबायला नको, विसरायला नको. आज मी त्या डबीबद्दल बोलणार आहे, आणि तिच्यापायी माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दलही.

आधी ही डबी काम कशी करते ते सांगतो. पुष्कळांना वाटतं, तिच्यात कॅमेरा असतो. तसं नाही. चुलीसमोर डोळे मिटून बसलं आणि आपल्या व चुलीच्या मधून कुणी गेलं, तर गालाला कळतं की नाही? तसंच हे आहे. आपल्या अंगातून उष्णतेचे किरण सतत बाहेर पडत असतात, डोळ्यांना ते दिसत नाहीत. डबीच्या आत हे किरण ओळखणारा एक छोटा तुकडा असतो, त्याचे दोन भाग असतात. वर प्लॅस्टिकचं खाचाखाचांचं भिंग असतं. ते खालच्या जमिनीचे पंख्याच्या घडीसारखे पट्टे पाडतं. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की दोन भागांवर पडणाऱ्या उष्णतेत फरक पडतो, आणि दिवा लागतो.

या भिंगाची जात जुनी आहे. फ्रान्सच्या फ्रेनेल नावाच्या शास्त्रज्ञाने ते दीपगृहांसाठी तयार केलं. १८२३ साली कोर्दुआन इथल्या दीपगृहावर ते प्रथम बसलं. तिथे एका दिव्याचा प्रकाश लांबच्या जहाजांपर्यंत पोचवण्यासाठी ते वापरलं, इथे खोलीभरची ऊब एका ठिकाणी गोळा करण्यासाठी वापरतात.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. या डबीला माणूस कळत नाही, तिला फक्त हालचाल कळते. माणूस स्तब्ध बसला की तिच्या लेखी खोली रिकामी. आमच्या भागात आणखी एक अडचण. एप्रिल-मे महिन्यांत नंदुरबारचा पारा चाळिशीच्या पुढे जातो. माणसाच्या कातडीचं तापमान तेहेतीस-चौतीस अंशांच्या आसपास. पत्र्याच्या छपराखालची खोली संध्याकाळपर्यंत तापून तेवढीच गरम झाली, तर माणूस कुठला आणि भिंत कुठली, हे तिला उमगत नाही. भर उन्हाळ्यात ही डबी निम्मी आंधळी होते.

हे सगळं मी कागदावर वाचलेलं होतं. तरीही चुकलो. कसा, ते ऐका.

सहा-सात वर्षांपूर्वी मुलींच्या एका वसतिगृहाचं काम माझ्याकडे आलं. नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या भागांतल्या, सातपुड्यातल्या पाड्यांवरच्या मुली शिकायला तिथे राहत. संस्थेची तक्रार होती की व्हरांड्यातले आणि संडास-बाथरूमकडचे दिवे रात्रभर जळतात आणि बिल परवडत नाही. मी हिशेब मांडून दाखवला. वीस वॅटची एक एलईडी ट्यूब रात्रीचे बारा तास जळली तर वर्षाला सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी युनिट जातात. सेन्सर लावला आणि ती एकूण दोनच तास लागली, तर सेन्सरची स्वतःची अर्ध्या वॅटची भूक धरूनही वर्षाला एकोणीस युनिट पुरतात. एका ट्यूबमागे अडुसष्ट युनिटांची बचत! समितीने लगेच मान डोलावली.

मी घोडी लावली, व्हरांड्यात चार सेन्सर बसवले आणि अभ्यासाच्या खोलीत दोन. खोलीच्या दारापासून संडासाच्या दारापर्यंत पावलं मोजली. चाळीस भरली. म्हणजे अर्धा मिनिट. म्हटलं, दिवा एक मिनिट लागलेला राहिला तर पुष्कळ झालं. सेन्सरवरचा छोटा स्क्रू फिरवून मी एक मिनिट पक्कं केलं. कुणी उगाच चालू ठेवू नये म्हणून जुनी बटणं काढून त्यांच्या जागी कोऱ्या पट्ट्या बसवल्या. दोन महिन्यांनी बिल उतरलं. संस्थेच्या बैठकीत मला नारळ आणि टोपी मिळाली.

पुढे उरलेले पैसे घ्यायला गेलो, तेव्हा स्वयंपाकाच्या मावशी ओट्याजवळ बसल्या होत्या. मी पाणी मागितलं. त्या म्हणाल्या, "घ्या दादा, माठ भरलेलाच आहे. हल्ली संध्याकाळनंतर कुणी पाणीच पीत नाही."

मी विचारलं, "का हो?"

त्या काही क्षण गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "रात्री उठावं लागतं ना."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. माझा सेन्सर व्हरांड्यात होता. मुलगी आत गेली, दार लावलं, की सेन्सरला ती दिसेना. मिनिटभरात दिवा विझे. आत गुडुप अंधार. पावसाळ्यात त्या बाजूला एकदा विंचू निघालेला. अंधारात चाचपडत दार उघडायचं, बाहेर येऊन हात हलवायचा, मग दिवा लागणार. पहिल्या आठवड्यात एक लहान मुलगी घाबरून पडली होती, कोपर फुटलं होतं. तेव्हापासून मुलींनी रात्री जाणंच सोडलं. सहा वाजले की पाणी बंद. दोघींना मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाची औषधं चालू होती.

हे मला कुणी सांगितलं कसं नाही? कुणाला सांगणार? वायरमन पुरुष, समितीतही बहुतेक पुरुषच. आणि मी तरी विचारलं होतं का? मुलींच्या वसतिगृहात असलं विचारायचं कसं, म्हणून मला संकोच वाटला होता. दारापर्यंतची पावलं मी मोजली, दारापलीकडे किती वेळ लागतो, हे मोजलंच नाही.

अभ्यासाच्या खोलीत तर वेगळीच तऱ्हा. बारावीच्या मुली मान खाली घालून लिहीत बसलेल्या, आणि दिवे जाणार. जितकं एकचित्त बसावं तितका अंधार लवकर! त्यांनी यावर युक्ती काढली होती. पाळी लावली होती. जिची पाळी असेल तिने थोड्या थोड्या वेळाने उठून खोलीभर एक चक्कर मारायची. म्हणजे रोज एकीचा अभ्यास बुडायचा, बाकीच्यांना उजेड मिळावा म्हणून.

त्यांच्यातली एक मुलगी, धडगावकडची, मला म्हणाली, "मामा, आमच्या पाड्यावर पण अंधारच असतो. पण तो असा एकदम नाही येत." मला उत्तर सुचलं नाही. सूर्य मावळतो, चूल पेटते, डोळे सरावतात, मग रात्र होते. कित्येक पाड्यांवर वीज फार उशिरा पोहोचली, तिथल्या मुली अंधाराला भिणाऱ्या नव्हेत. हातात बटण नसताना कुणीतरी दिवा काढून घेतो, याची ती भीती होती. आणि ते बटण मीच काढून घेतलं होतं. ज्या बचतीसाठी मी नारळ घेतला, त्यातली काही युनिटं त्या मुलींच्या तहानेची होती.

दुसऱ्या दिवशी माणूस घेऊन गेलो. या वेळी आधी मावशींना आणि दोन मोठ्या मुलींना सोबत घेतलं. संडासांच्या आडभिंती छतापर्यंत गेलेल्या नव्हत्या. त्यांच्या वर, छतावर दोन सेन्सर असे बसवले की प्रत्येक कप्प्यात वरून नजर पोहोचेल. वेळ एक मिनिटावरून दहा मिनिटांवर नेली. तिथेच पाच वॅटचा एक दिवा सेन्सरशिवाय, रात्रभर चालू ठेवला. त्याला वर्षाला बावीस युनिटं लागतात, लागू द्या. व्हरांड्याच्या तोंडाशी, लहान मुलीचा हात पोहोचेल अशा उंचीवर, सेन्सरला वळसा घालून दिवा थेट लावणारं एक बटण दिलं. अभ्यासाच्या खोलीतले दोन्ही सेन्सर काढून जुनी बटणं परत बसवली. "शेवटी निघेल तिने दिवा बंद करावा" अशी पाटी मुलींनीच लिहून लावली.

नंतर मी याविषयीचे नियम शोधून वाचले. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००७ साली इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता आणली, २०१७ साली ती सुधारली. मोठ्या इमारतींत वर्ग, बैठकीच्या खोल्या, कोठारं इथे असे सेन्सर असावेत, असं २००७च्या संहितेत होतं. माणूस गेल्यावर दिवा विझायला तिने तीस मिनिटांपर्यंत मुभा दिली होती, आणि सेन्सर असला तरी भिंतीवर हाताचं बटण हवंच, असंही म्हटलं होतं. म्हणजे एक मिनिटाची घाई करायला आणि बटण उखडायला मला कुणीच सांगितलं नव्हतं.

तुमच्यापैकी कुणी घरी किंवा दुकानात सेन्सर बसवणार असेल, तर चार गोष्टी सांगतो. जिना, बोळ, गोदाम, फाटक अशा येण्याजाण्याच्या जागी तो जरूर लावा. जिथे माणूस बसतो, वाचतो, पूजा करतो किंवा आजारी पडून असतो, तिथे लावू नका. पंख्यापासून चार-पाच फूट लांब ठेवा, पात्यांमुळे आणि हलत्या गरम हवेमुळे तो फसतो. काचेपलीकडची ऊब त्याला कळत नाही, तेव्हा काचेच्या दारामागचा माणूस त्याला दिसणार नाही. नऊ वॅटच्या एकाच बल्बसाठी हा खर्च सहसा परवडत नाही. जुनी चोक-स्टार्टरची ट्यूब असेल तर सारख्या चालू-बंद होण्याने तीच लवकर जाते. सेन्सर घेताना तो एलईडीचा किती भार पेलतो, ते खोक्यावर पाहून घ्या; साध्या बल्बचा आकडा मोठा असतो, त्याला भुलू नका. लाइट जाऊन आली की सेन्सरला भानावर यायला अर्धा-एक मिनिट लागतो, तोवर तो बिघडला असं समजून वायरमनला फोन करू नका!

बसवल्यावर तपासणीही करा. वेळेचा स्क्रू सगळ्यात कमी वेळेवर ठेवून खोलीत फिरा, कुठून कुठपर्यंत दिवा लागतो त्या खुणा खडूने जमिनीवर करा. घरातल्या सगळ्यात लहान माणसाला चालायला लावा, सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बसायला सांगा. आणि तपासणी झाली की वेळ वाढवायला विसरू नका. आमच्या मिरचीच्या गोदामांसारखी धुळीची जागा असेल तर भिंग मऊ कोरड्या फडक्याने अधूनमधून पुसत जा.

आता कुठेही काम घेतलं की मी घोडी उघडण्याआधी तीन प्रश्न विचारतो. इथे कोण येतं? किती वेळ थांबतं? थांबल्यावर काय करतं? मालकाला विचारतोच, पण त्या दिव्याखाली जो वावरणार त्यालाही विचारतो. विचारायला संकोच वाटला तर घरातल्या बाईमाणसाला मध्ये घेतो. या प्रश्नांना पाच मिनिटंही लागत नाहीत.

मागच्या वर्षी त्या वसतिगृहात पंख्यांच्या कामासाठी पुन्हा गेलो होतो. मावशी तिथेच आहेत. मला पाहून म्हणाल्या, "दादा, तुमच्यामुळे माझं काम वाढलं. माठ दोनदा भरावा लागतो."

मी म्हटलं, "भरा मावशी."