टाळ वाजवावा, मग थांबवावा
(पालखी सोहळा पुण्यात असताना स्वारगेट येथे दिंडीच्या मुक्कामी केलेले निरूपण)



आज दोन्ही पालख्या पुण्यात आहेत. ज्ञानोबारायांची भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात, तुकोबारायांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात. आपण उतरलोय स्वारगेटला. शेजारी एस.टी. स्टँड; रात्रभर गाड्यांचा आवाज येणार. पण वारकऱ्याची झोप गाडीच्या आवाजानं मोडत नाही, डोक्यातल्या आवाजानं मोडते. ‘तो मला असं बोललाच कसा?’ हे एकदा डोक्यात फिरू लागलं की हातात टाळ, मुखात अभंग आणि मन मात्र घरच्या बांधावर!

माझंच सांगतो. दादानं नांगरताना हातभर बांध कोरला, असं माझं म्हणणं. चार वर्षं बोलणं बंद. विहीर एक, मोटार एक. पण पाण्याच्या पाळीचा निरोप पोरांच्या हाती. त्या साली दिवे घाट चढलो. वळकटी ट्रकात टाकली होती, दादाला मात्र डोक्यावर घेऊन चढलो. घाटात कोणता अभंग चालला होता, ते मला आजही सांगता यायचं नाही.

संध्याकाळी तळावर समाज आरतीला उभा राहिलो. तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलंच आहे. चोपदार दंड वर करतात आणि एवढा समाज क्षणात गप्प होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचेच टाळ वाजत राहतात. चोपदार तिथं जातात, म्हणणं ऐकून घेतात, तोडगा काढतात. मग त्या दिंडीचे टाळ थांबतात. हरवल्या-सापडल्याचा पुकारा होतो आणि मग आरती.

त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं. आपल्या पूर्वजांनी ‘तक्रार करू नका’ असं सांगितलं नाही. राग गिळणं म्हणजे राग सोडणं नव्हे. गिळलेला राग पोटात राहतो. त्यांनी सांगितलं, टाळ वाजवा. पण जिथं ऐकलं जाईल तिथं वाजवा. ऐकलं गेलं की थांबवा. आजची तक्रार उद्याच्या मुक्कामाला न्यायची नाही. आपली दिंडी शंभर वर्षं चालली. काय, या शंभर वर्षांत जागेवरून, पाण्यावरून, पंगतीवरून कुणी कुणाला बोललंच नसेल? बोललं असेलच. पण सकाळी पुन्हा एकमेकांच्या पाया पडून चालले, म्हणून दिंडी टिकली.

आणि मी? चार वर्षं टाळ वाजवत होतो, तोही गावच्या पारावर. ज्याच्याशी भांडण, त्याच्यासमोर एकदाही नाही.

परतीला याच स्टँडवर गाडी बदलायची होती. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. आत जातो तर तिथं दुसराच माणूस. मी आवाज चढवला. तो सरकून म्हणाला, “बसा माउली.” गळ्यात तुळशीची माळ होती. महिनाभर ज्याच्या-त्याच्या पाया पडलो आणि स्वारगेटला येईपर्यंत ते उतरलंसुद्धा! फार लाज वाटली.

घरी गेलो आणि तडक दादाच्या दारात उभा राहिलो. माझं सांगितलं. मग त्यानं त्याचं सांगितलं. आईच्या आजारपणात मी दोन दिवस उशिरा आलो, हे त्याच्या मनात होतं. मला पत्ताच नव्हता! पुढं मोजणी केली, खुणा रोवल्या. थोडं माझं निघालं, थोडं त्याचं. सगळंच जुळलं असं नाही, वाटण्या आहेत तशा आहेत. पण पाळीचा निरोप आता पोरांच्या हाती जात नाही.

पुणं सोडलं की हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. माउली दिवे घाटानं सासवडला, तुकोबाराय लोणी काळभोरला. वाट वेगळी झाली म्हणून कुणी कुणावर रुसत नाही. वाखरीला पुन्हा भेट आहेच. भावाभावांनी, सासवासुनांनी एवढं धरलं तरी पुष्कळ. वाट वेगळी असू द्या, वाखरी सोडू नका.

आज अंथरुणाला पाठ टेकण्याआधी बघा, आपला कुणाचा टाळ अजून वाजतोय का. वाजत असेल तर ज्याचं त्याला जाऊन सांगा, त्याचंही ऐका. मग निजा.

रामकृष्ण हरी!