एका भाषेचे तीन स्वातंत्र्यदिन
(शाळेच्या स्वातंत्र्यदिन समारंभातील भाषण)



15 ऑगस्ट 1947 हा भारताचा स्वातंत्र्यदिन, हे पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असते. परंतु त्या दिवशी सारा मराठी मुलूख स्वतंत्र झाला नव्हता, ही गोष्ट मोठ्यांच्याही स्मरणातून निसटू लागली आहे. मुंबई, पुणे, नागपूर येथे तिरंगा फडकत होता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे जिल्हे मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि गोमंतकावर पोर्तुगीजांचा अंमल होता.

निजामाने भारतात सामील होण्यास नकार दिला. त्याविरुद्धच्या लढ्याचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ हे एक शिक्षक होते. हिप्परगा आणि अंबेजोगाई येथील शाळांचे मुख्याध्यापकपद त्यांनी भूषविले होते. 1947 च्या ऑगस्टमध्ये त्यांना अटक झाली. पुढील तेरा महिने मराठवाड्याने, तेलंगण आणि कर्नाटकातील बांधवांसह, रझाकारांचा जुलूम सोसला आणि त्याच्याशी झुंजही दिली. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि 17 सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

गोव्याला त्यानंतरही तेरा वर्षे थांबावे लागले. 18 जून 1946 रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगाव येथे सभाबंदी मोडून तेथील लढ्याला नवी चेतना दिली होती. 15 ऑगस्ट 1955 रोजी देशाच्या नाना प्रांतांतून आलेले निःशस्त्र सत्याग्रही गोव्याची सीमा ओलांडू लागले आणि पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळीबार केला. पंजाबचे करनैलसिंग बेनिपाल पत्रादेवीच्या सीमेवर हुतात्मा झाले. मध्य प्रदेशातील सहोदराबाई राय हाती तिरंगा असताना गोळ्यांनी जखमी झाल्या. अखेर 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला.

बेनिपाल आणि सहोदराबाई या दोघांचीही भाषा कोकणी नव्हती की मराठी नव्हती. त्यांच्या प्रांतांना आठ वर्षांपूर्वीच स्वातंत्र्य मिळाले होते. ती दोघे घरी स्वस्थ बसली असती, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. परंतु शेजारी पारतंत्र्यात असताना स्वतःचे स्वातंत्र्य पुरे झाले, असे त्यांना वाटले नाही. स्वातंत्र्यदिनाचा खरा अर्थ त्यांच्या या कृतीत सामावला आहे.

महाराष्ट्राबाहेर मराठी जपणाऱ्या शाळेला तर हा अर्थ अधिकच जवळचा वाटावा. येथील मुले अन्य भाषिकांच्या शेजारात वाढतात. मातृभाषेचा अभिमान बाळगणे म्हणजे इतरांपासून वेगळे होणे नव्हे, हे त्यांना याच इतिहासातून उमगेल. मराठी-कोकणी मुलखाच्या मुक्तीसाठी पंजाबी रक्त सांडले आहे. ते ऋण शेजाऱ्याच्या सुखदुःखात सहभागी होऊनच फेडता येईल.

म्हणून पालकांनी मुलांना 15 ऑगस्टबरोबर 17 सप्टेंबर आणि 19 डिसेंबर या तिथीही सांगाव्यात. ज्यांच्या घरची मुळे मराठवाड्यात वा गोमंतकात असतील, त्यांनी वडीलधाऱ्यांकडून त्या दिवसांच्या आठवणी ऐकून लिहून ठेवाव्यात. त्या सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.

जय हिंद!