रानातली आमरी ओळखताना



वैशाखात हा विषय ठेवलात, ते फार योग्य झालं. सह्याद्रीत आमरीचा, म्हणजे ऑर्किडचा, मोठा हंगाम आता सुरू होतो आहे. येत्या चार महिन्यांत तुमच्यापैकी अनेक जण कासला, आंबोलीला जातील. माझं सांगणं एवढंच आहे की, आमरी तिच्या जागेवर, अख्खं झाड पाहूनच ओळखावी. नुसत्या फुलावरून नाव ठरवू नये.

आधी ती आमरीच आहे ना, याची खात्री करा. फुलाच्या मागे शुंडिका, म्हणजे शेपटीसारखी नळी, दिसली की पुष्कळांना ऑर्किड वाटतं; पण शुंडिका तेरड्यालाही असते, सीतेच्या आसवांनाही. आमरीच्या फुलात बाहेर तीन निदलं आणि आत तीन दलं असतात. या दलांतलं एक निराळ्या घडणीचं, तो ओष्ठ. मधोमध सुटे पुंकेसर दिसत नाहीत; पुंकेसर आणि कुक्षी एकजीव होऊन एकच स्तंभ बनलेला असतो. तो सापडला की शंका मिटली.

मग ती कुठे वाढते ते पाहा. फांदीवरची आमरी बांडगुळासारखी झाडाचा रस ओढत नाही, नुसता आधार घेते. मे-जूनमध्ये फांदीवरून तुरा लोंबत असेल, तर त्याची मधली दांडी पाहा. फुलांच्या दाटीत ती झाकून गेली असेल, तर ती सीतेची वेणी, म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा. फुलं गुलाबी, ठिपकेदार पण विरळ असतील, तर एरिडिस मॅक्युलोसा आहे का ते तपासा.

जमिनीवरच्या आमरींत हबेनारियांनी बरेच जण गोंधळतात, कारण बहुतेकींची फुलं पांढरी. पावसाच्या आरंभी सड्यावर मातीला चिकटलेलं एकच रुंद पान आणि वर मोजकी फुलं दिसली, तर ती ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस. ऑगस्ट-सप्टेंबरात कासला दांडीच्या एकाच बाजूला वळलेली फुलं दिसली, तर ती हेनियाना. शुंडिका फुलापेक्षा कितीतरी लांब लोंबत असेल, तर लाँगिकॉर्निक्युलाटा. त्याच सुमारास गवतातून वर आलेलं भलंमोठं पांढरं फूल दिसलं आणि ओष्ठाचे बाजूचे भाग बारीक चिरलेले असले, तर तो वाघचौरा. फक्त समोरून फोटो काढलात, तर पान आणि शुंडिका दोन्ही निसटतात.

नर्विलियाची तऱ्हा आणखी वेगळी. तिचं फूल पहिल्या सरींनंतर येतं आणि पान मागाहून. फुलाच्या वेळी पान नसणं हीच तिथे महत्त्वाची खूण असते. म्हणून तारीख लिहून ठेवा आणि महिन्याभराने त्याच जागी पुन्हा जा.

परिसर, पूर्ण झाड, पान, फूल समोरून आणि फूल बाजूने असे पाच फोटो घ्या. घरी आल्यावर सांतापाव आणि कपाडिया यांचं १९६६ सालचं ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ उघडा. जातीचं नाव जुळलं नाही, तर ‘हबेनारिया’ एवढंच लिहा. तेवढी नोंदही उपयोगी असते.

झाड मात्र उपटू नका. आमरीचं बी धुळीइतकं बारीक असतं आणि त्यात अन्नसाठा नसतो. योग्य बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं, आणि फूल यायला पुढे कित्येक वर्षं जातात. खणून नेलेला कंद कुंडीत बहुधा टिकत नाही. दुर्मीळ आमरी सापडली, तर नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. जाणत्या अभ्यासकाला कळवा. एवढी शिस्त आपण सर्वांनी पाळावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.