आडनावातले गाव
(महाजनांच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



समितीने मला बोलण्याची आज्ञा केली, ती मी इतिहासाचा पंडित म्हणून नव्हे, आपल्यापैकीच एक म्हणून शिरोधार्य मानली आहे. आमचे घराणे कित्येक पिढ्या बेळगावी स्थायिक आहे. गोमंतकाची म्हणून घरात दोनच चिन्हे उरली होती: लोटलीकर हे आडनाव आणि श्रीरामनाथ हे कुलदैवत. लहानपणी वडिलांबरोबर प्रथम बांदिवड्यास दर्शनाला आलो, तेव्हा मी विचारले, "अण्णा, देव बांदिवड्याचा, मग आपण लोटलीकर कसे?" अण्णा हसून म्हणाले, "देवालाच विचार." थट्टेतले ते उत्तर पुढे खरे ठरले. देवाची वाट शोधू लागलो, तेव्हाच आडनावाची वाट सापडली.

लोटली हा साष्टी महालातील गाव. 1543 साली साष्टी व बारदेश हे महाल पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले. 1567 मध्ये साष्टीतील देवळांचा मोठा विध्वंस झाला. त्या दशकात भाविकांनी आपापली दैवते उचलली आणि अघनाशिनी, म्हणजे आजची जुवारी, ओलांडून अंत्रुज महाल गाठला. तेथे तेव्हा विजापूरच्या आदिलशहाचा अंमल होता. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आणि लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास आला तो असा. लोटली आणि बोरी यांच्यामध्ये केवळ नदीचे पात्र आहे. आज पुलावरून ते काही क्षणांत ओलांडता येते. आपल्या पूर्वजांच्या दृष्टीने मात्र ती दोन राज्यांची सीमा होती.

देव तेथे स्थिरावला, माणसे मात्र सगळीच थांबली नाहीत. कोणी घाट चढून वर गेले, कोणी कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत उतरले. दक्षिणेकडे गेलेल्या अनेकांनी पै, कामत, प्रभू, नायक, शेणै ही जुनी उपपदेच आडनावे म्हणून राखली. आमच्यासारख्यांना गावाचे नाव चिकटले. याचे मर्म साधे आहे. लोटलीत राहणाऱ्याला लोटलीकर कोण म्हणणार? तेथे सगळेच लोटलीचे. परक्या गावी कोणी "आपण कुठले?" असे विचारले, त्या दिवशी हे आडनाव जन्मास आले. म्हणजे '-कर' हा प्रत्यय गाव सुटल्याची खूण आहे.

मग त्याआधी आम्ही कोण होतो? याचा उलगडा नाशकास झाला. तेथील क्षेत्रोपाध्यायांच्या वहीत आमच्या एका पूर्वजाचा मोडीतील लेख निघाला. त्यात उपनाम होते 'नायक'. प्रथम वाटले, घराणे दुसरेच असावे; परंतु पिता, पितामह, बंधू यांची नावे आमच्या देवघरातील जुन्या कागदाशी तंतोतंत जुळली. शोध घेणाऱ्यांनी म्हणूनच आजच्या आडनावावर विसंबू नये. पोर्तुगीज दप्तरात 'शेणवी'चे 'सिनाय' झालेले आढळते. शिवाय '-कर' केवळ गाव सांगतो, जात अथवा गोत्र नव्हे. एका गावाहून निघालेल्या भिन्न ज्ञातींच्या लोकांनी तेच आडनाव लावलेले असते.

आमची वंशावळ नऊ पिढ्यांपर्यंत पोचते. त्यामागचे पान कोरे आहे. थेट भगवान परशुरामापर्यंत नावे जोडून देण्यास तयार असणारे एक गृहस्थ मला भेटले होते. मी त्यांना नमस्कार केला आणि पान कोरेच ठेवले. खोटे नाव लिहिले, तर खरा पूर्वज कायमचा झाकला जातो.

लोटलीस गेलो, तेव्हा एका जुन्या घराच्या ओसरीवर वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ बसले होते. त्यांनी पाणी दिले, आडनाव विचारले आणि शांतपणे म्हणाले, "तुमी गेले, आमी उरले." मला उत्तर सुचले नाही. गावच्या कोमुनिदादीतील वांगड पुरुषवंशाने चालत आलेले आहेत. धर्म पालटला तरी गावकारीचा वंश तोच राहिला. आपल्या वंशावळीत गेलेल्यांची नावे आहेत. जे उरले, तेही त्याच मुळाच्या फांद्या असू शकतील, हे आपण विसरता कामा नये.

शेवटी एक विनंती. 1933 च्या नियमावलीप्रमाणे महाजनांची नोंदवही असते. ती हक्काची वही आहे आणि तिच्यात परंपरेने पुरुषांचीच नावे येत गेली. स्मृती मात्र पुष्कळदा आज्या, आत्या आणि मावश्या यांच्यापाशी असते. प्रत्येक कुटुंबाने एकेक पान लिहून समितीस द्यावे: मूळ गाव, जुने उपनाम, गोत्र, ज्ञात पिढ्या, आणि सुनांची माहेरेही. जे ठाऊक नसेल, तेथे जागा कोरी सोडावी. पुढच्या पिढीला ती भरता येईल.

माझे अण्णा आज नाहीत. त्यांनी ज्याला विचारायला सांगितले, त्या श्रीरामनाथाच्या चरणी हे चार शब्द अर्पण करून मी आपली रजा घेतो.