भडक रंगांची हौस



कोल्हापुरात रिक्षांची सौंदर्य स्पर्धा भरते. त्या रिक्षा जवळून पाहाव्यात. आत मखमली झालर, छताला आरसे, रेक्झिनच्या सीटवर वेलबुट्टी, लखलखत्या स्टीलच्या पट्ट्या, प्लास्टिकच्या फुलांची माळ आणि मागं रेडियमच्या अक्षरांत ‘आई अंबाबाई प्रसन्न’. कलेचे जाणकार अशा सजावटीला ‘किच’ म्हणतात. भडक, उसनी, बाजारू. मला ती मनापासून आवडते.

अमेरिकन समीक्षक क्लेमंट ग्रीनबर्ग यांनी 1939 साली किचवर एक निबंध लिहिला, तो फार गाजला. किच गिऱ्हाइकाकडं पैशांखेरीज काहीच मागत नाही, त्याचा वेळसुद्धा मागत नाही, ही त्यांची तक्रार. आमच्या रिक्षावाल्याला ती कशी लागू करायची? दिवसभराचा धंदा आटोपून तो स्टील घासत बसतो, झालरीचा रंग मनाला येईना म्हणून ती उतरवून दुसरी लावतो. नाद असल्याशिवाय अशी गाडी उभी राहत नाही. आणि ती बघताना आपणही खुदकन हसतो. ते हसू कौतुकाचं असतं.

या शहरात थोर कला आणि बाजारातली कला एकाच घरात वाढल्या. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. राजवाडे, उद्यानं, अरण्यं. पडदा उघडताच बघणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत, हेच त्या कामाचं मर्म. त्याच बाबूरावांनी 1920 मध्ये ‘सैरंध्री’ हा सिनेमा पडद्यावर आणला आणि 1924 च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर स्वतः रंगवलं. तैलचित्रांतही त्यांचा हात तितकाच कसलेला. पुढं इथल्याच जी. कांबळे यांनी सिनेमाची पोस्टरं रंगवत हयात घालवली, आणि त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र राज्य शासनानं अधिकृत म्हणून स्वीकारलं. यातलं अभिजात कुठं संपतं आणि भडक कुठं सुरू होतं, मला तरी सांगता येणार नाही.

चौकाचौकांतल्या फ्लेक्सबद्दल मात्र मी ग्रीनबर्गच्या बाजूचा आहे. तेच वाघ, तेच चेहरे, एका फाईलमधून दुसऱ्या फाईलमध्ये चिकटवलेले. त्यात कुणाचा हात नाही, कुणाची हौस नाही. शिवाय या फ्लेक्सनं ब्रशवर पोट असणाऱ्या कितीतरी पेंटरांचं काम हिरावलं.

म्हणून कोल्हापुरातल्या कला महाविद्यालयांतल्या मुलामुलींना माझी एक विनंती आहे. स्केचबुक घेऊन रिक्षा स्टॉपवर जा. जुन्या बोर्ड पेंटरांना गाठा. छाया कशी देतात, अक्षराला सोनेरी कड कशी काढतात, ते त्यांच्या हाताखाली बसून शिकून घ्या. त्यांची पाटी अजून कुठं दुकानावर टिकून असेल, तर ती उतरायच्या आत तिचा फोटो काढून ठेवा.