पूर ओसरल्यावर मुलं कुणाकडे?

जून जवळ आला की आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात दोन गोष्टी सुरू होतात. घरावर शाकारणी आणि सरकारी कार्यालयात आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठका. त्या बैठकांमध्ये होड्या, दोर, लाइफ जॅकेट, जेसीबी सगळ्याची यादी निघते. मुलांची यादी मात्र कुणी काढत नाही. आज मला त्या यादीबद्दल बोलायचंय.

मी आपत्तीनंतर मुलांसाठी जी मदत येते, ती एकमेकांना जोडून देण्याचं काम करते. "म्हणजे बिस्किटं वाटता का ताई?" असं मला नेहमी विचारतात. नाही हो. बिस्किटं वाटायला चिक्कार लोक येतात. माझं काम असतं ते तलाठी, अंगणवाडीताई, आशाताई, पोलीस पाटील, शाळेचे गुरुजी आणि बाहेरून आलेल्या संस्था यांना एका वहीवर आणायचं. एकच वही. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा.

कोकणात खाडीतल्या बेटाला जुवा म्हणतात. राजापूर तालुक्यात जैतापूरच्या खाडीत जुवे नावाचं गावच आहे, होडीने जायचं. तिथल्या लोकांना तुटून राहण्याची सवय असते. बाकीच्यांना नसते. २२ जुलै २०२१ ला चिपळूणचं असंच बेट झालं. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत घुसलं, घरांचे तळमजले बुडाले, महामार्ग बंद, कोकण रेल्वे बंद, वीज नाही, रेंज नाही. त्याच दिवशी खेड तालुक्यात पोसरे इथे दरड कोसळली आणि १७ माणसं गेली. त्याच दिवशी पलीकडे रायगडात तळिये. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, २ जुलै २०१९ च्या रात्री, चिपळूण तालुक्यातलंच तिवरे धरण फुटलं होतं. मधल्या काळात निसर्ग आणि तौक्ते, दोन वादळं. म्हणजे हे "कधीतरी" होणारं प्रकरण राहिलेलं नाहीये.

आता मुलांचं काय होतं ते बघा. कोकणातलं एक वेगळेपण आहे, आणि ते बाहेरून आलेल्या मदतवाल्यांच्या लक्षातच येत नाही. आमच्याकडे कितीतरी मुलं आजीआजोबांकडे वाढतात. आईबाप विरार, नालासोपारा, डोंबिवलीला. गणपतीला आणि मे महिन्यात येणार. पुरात घर गेलं, आजी निवारा केंद्रात आली, सोबत दोन नातवंडं. बाहेरचा कार्यकर्ता विचारतो, "आईवडील कुठे?" आजी घाबरलेली, ती म्हणते, "नाहीत इथं." झालं! त्याच्या कागदावर मुलं अनाथ. मग तो कागद व्हॉट्सॲपवर जातो, आणि रात्रीपर्यंत पुण्यातून कुणीतरी दत्तक घ्यायला तयार.

म्हणून आमच्या वहीत "अनाथ" असा रकानाच नाही. रकाने असे: मूल आत्ता कुणासोबत आहे, आईवडील कुठे राहतात, त्यांचा नंबर, शेवटचं बोलणं कधी झालं, आणि मुलाला कुणी घेऊन जाणार असेल तर त्याची सही. बस. ही वही शाळेच्या दारात एका बाईकडे असते आणि ती बाई जेवायला गेली तर दुसरी बसते.

एका निवारा केंद्रातली गोष्ट सांगते. गाव सांगत नाही, नावंही नाही. पाणी ओसरून दोन दिवस झाले होते. एक गृहस्थ गाडी घेऊन आले, चिखलाने माखलेले, म्हणाले, "मी मुलांचा काका. दोघांना मुंबईला नेतो. इथे आजारी पडतील." आजी म्हणाली, हो, हा माझा धाकटा. मुलगी अकरा वर्षांची, तिचा भाऊ सहा. भाऊ लगेच चपला शोधायला लागला. मुलगी खांबाला धरून उभी.

मी म्हटलं, "दादा, बसा, चहा घ्या. आईशी एकदा बोलू आणि मग जा."

ते भडकले. "मॅडम, रेंज आहे का इथे? मी सख्खा काका आहे. आधार कार्ड दाखवू?"

दाखवलं, खरंच सख्खे काका. कुणीही म्हटलं असतं, जाऊ दे. पण वहीचा नियम एकच होता: आई किंवा वडिलांचा आवाज ऐकल्याशिवाय मूल गाडीत बसणार नाही. एक पोरगा दुचाकी घेऊन वरच्या सड्यावर गेला, तिथे रेंज मिळायची. नंबर लागेपर्यंत चार तास गेले. चार तास ते काका मला काय काय बोलले ते सोडा. आई फोनवर आली, आधी नुसती रडली, मग त्या पोराला म्हणाली, "दोघांना आजीजवळच ठेवा. मी निघालेय, जमेल तशी येते." का, ते तिने सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती अर्धा रस्ता चालत पोचली. मुलीने तेव्हा खांब सोडला असं नाही, ती आधीच खेळायला लागली होती. पण आईला बघून जी पळाली!

काका वाईट होते का? मला माहीत नाही. बहुतेक नसावेत. पण निवारा केंद्राच्या दारात उभं राहून माणसं ओळखता येत नाहीत, आणि ओळखता येतात असं ज्यांना वाटतं त्यांना मी वहीजवळ बसवत नाही.

हे सगळं आमच्या मनाचं नाहीये. बाल न्याय अधिनियम, २०१५. एकटं पडलेलं मूल सापडलं तर २४ तासांच्या आत पोलीस, १०९८, बाल कल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कुणाला तरी कळवायचं. बाल कल्याण समिती प्रत्येक जिल्ह्यात असते, अध्यक्ष आणि चार सदस्य. मूल कुठे राहील हे ती ठरवते. आमदार ठरवत नाही, संस्था ठरवत नाही, फेसबुकवरचा सद्गृहस्थ तर नाहीच. १०९८ ही हेल्पलाइन १९९६ मध्ये आपल्या मुंबईतच सुरू झाली, कोणत्याही फोनवरून फुकट लागते.

दत्तकाचे मेसेज आठवतायत ना? मे २०२१, कोविडची दुसरी लाट. "आईवडील गेले, दोन मुली आहेत, कृपया पुढे पाठवा, खाली नंबर." माझ्या स्वतःच्या कॉलेजच्या ग्रुपवर तो आला होता. सुप्रीम कोर्टाने जूनमध्ये अशा बेकायदा दत्तकांवर कारवाई करायला सांगितलं. जगभर हेच होतं. हैती हा देश एका बेटाचा सुमारे एक तृतीयांश भाग आहे. तिथे १२ जानेवारी २०१० ला मोठा भूकंप झाला, आणि महिना संपायच्या आत दहा अमेरिकन माणसं ३३ मुलांना सीमेपलीकडे नेताना पकडली गेली. अनाथ मुलं वाचवतोय असं त्यांचं म्हणणं. चौकशीत निघालं की बहुतेकांचे आई किंवा वडील जिवंत आहेत. ते लोक स्वतःला चांगलंच समजत होते, हे मला जास्त भीतीदायक वाटतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शांतीलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली, आणि त्यातून कितीतरी जणांचं आयुष्य उभं राहिलं. तेव्हा मुलं गावापासून दूर नेणं चूकच असं मी म्हणणार नाही. इर्शाळवाडीला जुलै २०२३ मध्ये दरड कोसळली तेव्हा काही मुलं आश्रमशाळेत होती म्हणूनच वाचली. पण आज मला कुणी विचारलं तर मी आधी बाल संगोपन योजना सांगेन. मूल आजी, मावशी, काका अशा नात्यातल्या घरी राहतं आणि महिन्याला २२५० रुपये मिळतात. रक्कम फार नाही, अर्जाला कागद लागतात, आणि पुरात कागदच वाहून गेलेले असतात. म्हणून आमचा अर्धा वेळ रेशन कार्डाची दुसरी प्रत आणि जन्माचा दाखला यातच जातो. हे काम फोटोत छान दिसत नाही, त्यामुळे त्याला देणगीही मिळत नाही.

कागदच नसलेली मुलं तर वेगळीच. महामार्गाच्या चौपदरीकरणावर आलेल्या मजुरांची, बागेत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबांची. ती कुठल्याच गावच्या यादीत नसतात. त्यांना शोधायला मी दुकानदाराला विचारते. उधारीच्या वहीत सगळे सापडतात.

आणि एक गोष्ट, जी २०२१ मध्येच कळली. तेव्हा शाळा बंद होत्या, वर्ग मोबाइलवर. पुरात घरातला एकुलता एक स्मार्टफोन गेला की मूल शाळेतून गायब. गुरुजींना वाटतं नेट गेलं असेल. आठवडा जातो, दोन जातात. दहावीतली पोरगी तोवर चिखल काढायच्या कामाला, आणि घरात तिच्या लग्नाचा विषय. आम्ही वर्गांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये कोण कधीपासून शांत आहे याची यादी गुरुजींकडून मागवली. इतकी उपयोगी यादी मला कुठल्याच कार्यालयातून मिळालेली नाही.

तुम्ही मदतीला जाणार असाल तर जा, जरूर जा. मुलांचे चेहरे दाखवणारे रील टाकू नका. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख जाहीर करणं हा त्याच कायद्यात गुन्हा आहे. निवाऱ्यात टॉर्च न्या, आणि त्या मुलींच्या संडासाकडच्या वाटेवर लावा. कपड्यांची गाठोडी खरंच नको, ती शेवटी आम्हालाच उचलावी लागतात.

आणि जाण्याआधी आपल्याच गावात विचारा, ग्राम बाल संरक्षण समितीत कोण आहे? सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव. पुष्कळ ठिकाणी समिती कागदावर असते. अंगणवाडीताईंना मात्र कोणत्या घरात कोणतं मूल कुणाकडे राहतं हे तोंडपाठ असतं. त्यांच्याकडे जा, वही न्या, आणि पाऊस लागायच्या आत लिहून घ्या. मुंबईतल्या आईबापांचा नंबर दोन ठिकाणी लिहा, एक वहीत आणि एक मुलाच्या दप्तरात, प्लास्टिकच्या पिशवीत घालून.