ज्ञातीचे सभागृह आणि विजेचा मितव्यय
(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या सभागृहात वातानुकूलन यंत्रे बसवावीत, अशी सूचना यंदा मंडळापुढे आलेली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. जळगाव-भुसावळकडे वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि आपली बहुतेक लग्ने त्याच दिवसांत होतात. परंतु निर्णयापूर्वी या प्रश्नाचा साधकबाधक विचार व्हावा, म्हणून आम्ही आज हाच विषय निवडला आहे.

खानदेशाला ऊन नवे नाही. आपले पूर्वज धाब्याच्या घरांत राहिले. मातीच्या जाड भिंती, लाकडी सरे, वर मातीचा भरपूर थर. बाहेरचा ताप आत पोहोचेपर्यंत दिवस कलत असे. आज आपण सिमेंटचा स्लॅब घातला आणि घर पक्के झाले, ही गोष्ट खरी. पण तो स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तेच आपल्या अंगावर ओततो. मग त्या तापाशी झगडण्यासाठी आपण वीज जाळतो. रोगाचे मूळ छपरात आणि औषध मात्र भिंतीवर, असा हा प्रकार आहे!

आता हिशेब पाहू. २४ साधे पंखे, प्रत्येकी ७५ वॅटचे, १० तास चालले तर १८ युनिट वीज लागते. नव्या पद्धतीचे बीएलडीसी पंखे सुमारे ३० वॅटमध्ये तेच काम करतात. म्हणजे सव्वासात युनिटही पुरे. उलट २० टन क्षमतेची वातानुकूलन यंत्रणा पूर्ण भाराने १० तास चालल्यास सुमारे २०० युनिट लागतात. कोळशावरील विजेच्या एका युनिटमागे साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. दीपनगरच्या केंद्राची धुरांडी आपण आगगाडीतून पाहतोच. एका लग्नासाठी १२० ते १४० किलो कोळसा जाळणे आपणांस शोभेल काय?

कोणी म्हणेल, सूर्यावर वीज करू. अवश्य करावी. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील शिवाजीनगरचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये उभा राहिला. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरताना आपण पाहतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या यंत्रणेस ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठरविण्यात आले. परंतु ती योजना घरांसाठी आहे, सभागृहांसाठी नव्हे. शिवाय फुटक्या घागरीत कितीही पाणी ओतले तरी ती भरत नाही; आधी गळती थांबविली पाहिजे.

स्वयंपाकघरातही हीच गोष्ट. शिर्डी संस्थानाने २००९ मध्ये ७३ आरशांच्या तबकड्या बसवून सूर्याच्या उष्णतेने वाफ निर्माण केली आणि प्रसादालयाचा स्वयंपाक तीवर केला. एवढे आपल्या आवाक्यात नसेल. पण वरणाची डाळ आधी भिजत घालणे, पातेल्यावर झाकण ठेवणे आणि उकळी फुटताच आच मंद करणे, यास पैसा लागत नाही. एकदा उकळलेले पाणी मोठ्या आचेने अधिक तापत नाही. गॅस मात्र जातो.

परंतु बंधूंनो, आमची खरी चिंता विजेपुरतीच नाही. यंत्रे बसली की सभागृहाचे भाडे वाढणार आणि आज जी सोय, ती उद्या वरपक्षाची मागणी होणार. शिंदखेडा-पारोळ्याकडचा कोरडवाहू कापूस पिकविणारा वधूपिता नकार कोणत्या तोंडाने देईल? हुंड्याविरुद्ध ठराव करणाऱ्या संस्थेनेच हे नवे ओझे त्याच्या माथी द्यावे, हे आम्हांस उचित वाटत नाही. मुहूर्त १२ चा आणि अक्षता ३ वाजता! तोपर्यंत वऱ्हाड घामाघूम आणि सर्व दिवे-पंखे चालू. वेळेवर लग्न लावणे हाही विजेचा मितव्ययच होय. गोरज मुहूर्त तर आपल्याकडे जुनाच आहे. उन्हाळ्यात तो अधिक पत्करावा.

म्हणून आम्ही तीन सूचना नम्रपणे मांडतो. पहिली, उन्हाळ्यापूर्वी सभागृहाच्या व विद्यार्थी वसतिगृहाच्या गच्चीवर पांढऱ्या चुन्याचा थर द्यावा आणि पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून सावली करावी. दुसरी, जुने पंखे व नळ्या टप्प्याटप्प्याने बदलाव्यात. तिसरी, विजेच्या देयकात जी बचत होईल ती वार्षिक हिशेबात वेगळी दाखवून विद्यार्थी साहाय्य निधीस द्यावी. ज्यांच्या घरी वातानुकूलन यंत्र आहे, त्यांनी ते २४ अंशांखाली नेऊ नये. २०२० पासून शासनाने नव्या यंत्रांची मूळ मांडणी तीच ठरविली आहे.

वाचविलेल्या विजेवर एखाद्या गरीब मुलीचे पुस्तक येत असेल, तर आपल्या सभागृहातील थोडा उकाडा ज्ञातिबांधव आनंदाने सोसतील, असा आम्हांस विश्वास आहे.

जय हिंद! जय महाराष्ट्र!